सातव्या जेसनची कात्रणं कुठे आहेत? पॅरामाउंटला खुलं पत्र

प्रति,
पॅरामाउंट पिक्चर्सचे नवे व्यवस्थापन आणि चित्रपट-संग्रह विभाग,
मेलरोज ॲव्हेन्यू, लॉस एंजेलिस.

विषय: 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या सातव्या भागातून १९८८ साली कापलेल्या दृश्यांचा हिशेब मिळण्याबाबत.

सप्रेम नमस्कार,

ऑगस्ट २०२५ मध्ये पॅरामाउंट आणि स्कायडान्स एक झाले. मालक बदलले, वरची माणसं बदलली. वाड्याचा मालक बदलला की माळ्यावर काय काय पडलंय ते एकदा खाली काढून बघतात. तशी झाडाझडती तुमच्याकडे चालू असेल किंवा लवकरच होईल, अशी आशा धरून हे लिहितोय. पत्र तुम्हाला आहे, पण मुद्दाम चारचौघांत लिहितोय. या विषयावर एकेकट्याने विचारणाऱ्यांना आजवर काय मिळालं ते आम्ही सगळ्यांनी बघितलंय.

सिनेमा कुठला ते आधी सांगतो, कारण हे पत्र वाचणाऱ्या मराठी वाचकांपैकी निम्म्यांनी त्याचं नावही ऐकलं नसेल. 'फ्रायडे द थर्टीन्थ, भाग ७: द न्यू ब्लड'. १३ मे १९८८ला, शुक्रवारचा मुहूर्त साधून, अमेरिकेत लागला. खर्च साधारण २८ लाख डॉलर, तिकडचा गल्ला १ कोटी ९१ लाख डॉलर. हॉलीवूडच्या हिशेबात हा चिल्लर खर्चाचा भयपट. पहिला भाग तर १९८० मध्ये साडेपाच लाख डॉलरच्या आसपास उरकला होता आणि त्याने अमेरिकेत चार कोटींच्या जवळ कमावले होते. तो धरून १९८९पर्यंत तुम्ही या मालिकेचे आठ भाग बाजारात आणले. तळ्याकाठचं शिबिर, हॉकीचा मुखवटा घातलेला खुनी जेसन, आणि मरायलाच आलेली तरुण मुलं-मुली. एवढ्या भांडवलावर तुमच्या कंपनीने दहा वर्षं बिनघोर पैसा काढला.

हा सिनेमा थोर आहे असा माझा अजिबात दावा नाही. टीना नावाच्या मुलीला नजरेने वस्तू हलवता येतात. लहानपणी रागाच्या भरात तिच्याकडून धक्का कोसळतो आणि वडील तळ्यात बुडतात. मोठी झाल्यावर ती वडिलांना वर बोलवायला जाते आणि वर येतो जेसन. कल्पना बरी आहे, पण मधले संवाद ऐकवत नाहीत. शेवटी वडील तळ्यातून बाहेर येतात ते इतकी वर्षं पाण्यात राहूनही असे स्वच्छ, की जणू आत्ताच दाढी करून निघालेत. पटकथेबद्दल मी तुमच्याशी भांडायला आलेलो नाही.

माझं भांडण हाताच्या कामाबद्दल आहे.

मी रंगभूषाकार आहे. नाटक, मालिका, मधूनच एखादा सिनेमा. आमच्याकडे रंगभूषा शिकवणारी मोठी माणसं होती, अजून आहेत. दाढी-मिशा, म्हातारपण, ऐतिहासिक पात्रं यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. पण फाटलेलं तोंड, सडलेली त्वचा, उघडं पडलेलं हाड कसं करायचं हे नव्वदच्या दशकात डोंबिवलीत कुणाला विचारणार? ते मी कॅसेटवरून शिकलो. गल्लीच्या तोंडावरच्या व्हिडिओ लायब्ररीत या सातव्या भागाची एक कॅसेट होती, कितव्या हातची ते देव जाणे. पॉज दाबलं की चित्रावर पांढरे पट्टे नाचायचे आणि त्या पट्ट्यांमधून मी जेसनची पाठ बघायचो.

त्या पाठीबद्दल दोन शब्द लिहू द्या, कारण सगळं पत्र तिच्यासाठीच आहे. सहाव्या भागाच्या शेवटी जेसनला गळ्यात साखळी घालून, दगडाला बांधून तळ्यात बुडवलेलं असतं आणि बोटीच्या पंख्याने त्याचा चेहरा कापला गेलेला असतो. सातव्या भागाचा दिग्दर्शक जॉन कार्ल ब्यूक्लर हा मुळात मेकअप-इफेक्ट्सचा माणूस. त्याने यातलं काहीही सोडून दिलं नाही. मुखवट्याचा खालचा कोपरा उडालेला आणि त्यातून दात दिसतात. साखळी गळ्यात तशीच. कपडे कुजून फाटलेत, आणि पाठमोरा झाला की मणके आणि फासळ्या दिसतात. मणके नुसते वर चिकटवलेले नाहीत. त्यांच्या कडेची कातडी आत ओढली गेल्यासारखी बसवली आहे, ओलसर आहे, आणि माणूस चालताना ती त्याच्याबरोबर हलते. ज्याने कधी फोम लेटेक्सचा, म्हणजे फेसाळ मऊ रबराचा, तुकडा साच्यातून काढून अंगावर चढवलाय त्याला ही गोष्ट किती अवघड आहे ते कळेल. आधी अंगाचा साचा, मग त्यावर मातीकाम, मग उलटा साचा, मग फोम भट्टीत भाजायचा, जोड घासायचे, कडा कातडीत विरघळवायच्या, आणि एवढं करून दिव्याखाली ते रबर वाटलं की सगळं मुसळ केरात. शेवटी मुखवटा दुभंगतो तेव्हा दिसणारा चेहरा या अख्ख्या मालिकेतला सर्वांत चांगला चेहरा आहे, असं माझं मत आहे आणि त्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

ते सगळं अंगावर वागवणारा केन हॉडर. त्याआधी ब्यूक्लरने त्याच्याबरोबर काम केलं होतं, म्हणून त्यानेच हॉडरचं नाव लावून धरलं. हा स्टंटमन तरुणपणी एका स्टंटमध्ये गंभीर भाजलेला. तोच माणूस या सिनेमात अंगभर आग लावून घेऊन कॅमेऱ्यासमोर चालतो. हा धरून तो एकूण चार सिनेमांत जेसन झाला, पण खांदे वर-खाली करत श्वास घ्यायची ती लकब इथे सुरू झाली. मुखवट्याआडून अभिनय करायचा तर उरतं काय? मान, खांदे आणि श्वास. आमच्या दशावतारातल्या जुन्या नटांना हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आता मुद्द्याकडे येतो.

१९८८ मध्ये अमेरिकेच्या प्रमाणन मंडळाने, म्हणजे एमपीएएच्या लोकांनी, या सिनेमाला 'आर' (सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्यांबरोबरच बघायचा) हे प्रमाणपत्र द्यायला नकार दिला. 'आर' नाही तर 'एक्स', आणि 'एक्स' म्हणजे बहुतेक थिएटरं दार उघडणार नाहीत, बरीच वर्तमानपत्रं जाहिरात घेणार नाहीत. मधला रस्ता म्हणून 'एनसी-१७' आला तो १९९० मध्ये. तेव्हा सिनेमा पुन्हा पुन्हा मंडळाकडे गेला आणि दर वेळी थोडा थोडा कापला गेला. डोकं चिरडण्याचं दृश्य गेलं, कुऱ्हाडीचं गेलं, विळ्याचं गेलं, झाडं छाटायच्या यंत्राचं तर नुसतं नाव उरलं. जे उरलं त्यात हत्यार वर जातं आणि लगेच पुढचा प्रसंग सुरू होतो. आमच्या गल्लीतल्या पोरांचं ठाम मत होतं की लायब्ररीवाल्या काकांनी 'तसले' भाग घरी बसून पुसलेत. बिचाऱ्या काकांनी त्यावरून बरंच ऐकून घेतलं.

एका ठिकाणी कात्रीने सिनेमाचं भलं केलं हेही प्रामाणिकपणे सांगतो. झोपायच्या पिशवीत दडलेल्या मुलीला जेसन पिशवीसकट उचलतो आणि झाडावर आपटतो. मूळ चित्रीकरणात तो अनेकदा आपटतो, सिनेमात एकदाच. ती एकच आपट जास्त भयंकर आहे आणि आज लोकांना या सिनेमातलं तेच दृश्य आठवतं. म्हणजे कापणं नेहमी वाईटच असतं असं मी म्हणत नाही. दिग्दर्शक कापतो, संकलक कापतो, मंडळ कापतं, हा धंदाच कापण्याचा आहे.

पण कापलेलं कुठे ठेवलंत?

फिल्मच्या जमान्यात काम कसं चालायचं ते तुमच्या संग्रह विभागाला ठाऊक आहे, वाचकांसाठी लिहितो. कॅमेऱ्यातली निगेटिव्ह लॅबमध्ये जायची आणि तिची एक पॉझिटिव्ह प्रत निघायची. संकलक ती प्रत कापून-जोडून सिनेमा बांधायचा. तिला वर्कप्रिंट म्हणत. मूळ निगेटिव्हला तोवर हात लागायचा नाही. फिल्मच्या कडेला छापलेले आकडे जुळवून ती अगदी शेवटी कापली जायची. उरलेले तुकडे डब्यात भरून, लेबल लावून गोदामात जायचे. म्हणजे मंडळाने 'हे काढा' म्हटलं तरी काढलेला तुकडा आपोआप नष्ट होत नाही. तो नष्ट व्हायला कुणीतरी, कधीतरी, गोदामाचं भाडं वाचवायला किंवा जागा मोकळी करायला 'टाकून द्या' म्हणावं लागतं.

सातव्या भागातल्या कापलेल्या दृश्यांचं आज जे काही जगासमोर आहे, ते वर्कप्रिंटवरून उतरवलेलं व्हिडिओ-दर्जाचं चित्र आहे. पुसट, रंग उडालेलं, कडा विरघळलेल्या. तुम्हीच ते डीव्हीडीवर 'जादा आकर्षण' म्हणून दिलंत. ज्या माणसाने ओल्या कातडीचा एकेक थर रंगवला त्याचं काम आम्ही बघतो ते कॅसेटच्या धुक्यातून. आणि खरं चित्र कुठे आहे, फेकलं का, फेकलं तर कधी, कुणाच्या सांगण्यावरून, याबद्दल तुमच्याकडून तारखेसह, नावासह, जबाबदारीने सांगितलेलं एक वाक्य माझ्या पाहण्यात नाही. चाहत्यांमध्ये 'पॅरामाउंटने टाकून दिलं' असं धरून चालतात. तुम्ही ते खोडतही नाही आणि कबूलही करत नाही.

माझी पहिली तक्रार हीच. वस्तू हरवली तर एकवेळ समजू शकतो. हरवली आहे की फेकली आहे हेसुद्धा न सांगणं याला काय म्हणायचं?

दुसरी तक्रार जरा खोल आहे. या मालिकेची तुम्हाला पहिल्यापासून लाज वाटत आली. १९८० मध्ये शिकागोचे समीक्षक जीन सिस्केल पहिल्या भागावर इतके संतापले की त्यांनी परीक्षणात खुनी कोण ते फोडलं आणि वाचकांना सांगितलं की तुमच्या तेव्हाच्या मालक कंपनीच्या, गल्फ अँड वेस्टर्नच्या अध्यक्षांना निषेधाची पत्रं लिहा. म्हणजे या मालिकेपायी तुम्हाला पत्रं धाडायची परंपरा पंचेचाळीस वर्षांची आहे. फरक इतकाच की तेव्हा लोक 'हे बंद करा' म्हणत होते आणि मी 'हे नीट ठेवा' म्हणतोय. लाज वाटली तर वाटो. पण ज्या मालाची लाज वाटते त्याचा गल्ला मोजताना ती वाटली नाही. कॅसेट, डीव्हीडी, ब्लू-रे, पेटी, नवी पेटी, असं करत तुम्ही हा माल आम्हाला परत परत विकलात. विकताना वारसा आणि सांभाळताना कचरा, हा हिशेब बरोबर नाही.

तिसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या पोटातली आहे म्हणून लिहितो. एका मालिकेसाठी मी भाजलेला चेहरा केला होता. नटी पहाटेपासून खुर्चीत बसून होती, बिचारीने चहासुद्धा स्ट्रॉने प्यायला. वाहिनीकडून निरोप आला की संध्याकाळच्या वेळेला हे चालणार नाही, आणि प्रसंग पट्टी बांधलेल्या चेहऱ्यावर उरकला. त्याचं मला वाईट वाटलं नाही. घरात लहान मुलं जेवायला बसलेली असतात, त्यांचं बरोबरच होतं. पुढे माझ्या कामाच्या नमुन्यांसाठी तेवढे दोन शॉट मागायला गेलो तर उत्तर मिळालं, 'डिस्क रिकामी केली.' कुणाचा द्वेष नव्हता, कट नव्हता. जागा हवी होती. लेखकाचं लिहिलेलं कागदावर राहतं, संगीतकाराची चाल कुणीतरी गुणगुणतं. आमचं काम संध्याकाळी स्पिरिटने पुसून काढायचं असतं, ते उरतं फक्त कॅमेऱ्याने टिपलं तेवढंच. तो तुकडा गेला की ते काम झालंच नव्हतं.

ब्यूक्लर मार्च २०१९ मध्ये गेले. आपला हा सिनेमा अखंड बघायची त्यांची इच्छा राहून गेली. त्यांच्याबरोबर काम केलेल्या मंडळींची वयं आता काय झाली असतील त्याचा अंदाज करा. कुठल्या डब्यावर काय लिहिलं होतं, कुठली प्रत कुणाकडे गेली होती, हे सांगू शकणारी माणसं दर वर्षी कमी होताहेत.

'गेलेलं परत मिळत नसतं' असं कुणी म्हणेल. मिळतं, आणि तुमच्याच दारात मिळालंय. 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' हा कॅनडातला सिनेमा १९८१ मध्ये अमेरिकेत तुम्हीच लावलात. त्यालाही मंडळाने असाच सोलून काढला होता. अठ्ठावीस वर्षांनी, २००९ मध्ये, दुसऱ्या कंपनीने त्यातली बरीचशी दृश्यं शोधून परत जोडली. जोडलेल्या जागी चित्राचा पोत बदलतो, ते डोळ्यांना कळतं, आणि कुणाचीही त्याला हरकत नाही. याच मालिकेच्या दुसऱ्या भागातली कापलेली दृश्यं इतकी वर्षं बेपत्ता होती. २०२० मध्ये आलेल्या ब्लू-रे पेटीत ती पहिल्यांदा दिसली, कारण त्यांची व्हिडिओ प्रत मेकअप-इफेक्ट्सवाल्याकडे राहिली होती. स्टुडिओच्या गोदामात नाही, कारागिराच्या घरात! यावरून शोध कुठे घ्यायचा याचाही अंदाज यावा.

तुम्ही काय सबबी सांगाल याचीही मला कल्पना आहे.

हक्कांचा वाद आहे, असं म्हणाल. आहे खरा. मूळ पटकथेचे लेखक व्हिक्टर मिलर यांनी अमेरिकेतले हक्क परत मागितले, खटला चालला, २०२१ मध्ये अपील न्यायालयानेही त्यांच्या बाजूने कौल दिला. २००९ नंतर या मालिकेचा एकही नवा सिनेमा आलेला नाही. पण मी नवा सिनेमा मागत नाही. तुम्ही १९८८ मध्ये लावलेल्या सिनेमाचे डबे उघडून बघायला कुठल्या न्यायालयाची परवानगी लागते?

खर्चाचं म्हणाल, तर त्यावर काही बोलत नाही. गल्ल्याचे आकडे वर दिलेच आहेत.

आणि तुमच्यातलंच कुणी दबक्या आवाजात म्हणेल, की अहो, हे रक्तामांसाचे तुकडे, यांचं कसलं जतन? माझी मुलगी शाळेत जाते. तिने हा सिनेमा बघावा असं मला वाटत नाही आणि मी तिला तो बघूही देणार नाही. त्यासाठीच तर प्रमाणपत्र असतं. कुणी काय वयात बघावं हा एक प्रश्न आणि वस्तू शिल्लक ठेवायची की नाही हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावलं की काय होतं ते आम्ही भारतीयांनी पुरेपूर भोगलंय. आमचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१चा, आज त्याची एकही प्रत कुठे नाही. मूकपटांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याजोगे पूर्ण उरलेत. गाण्या-नाटकांच्या सिनेमांना तेव्हा 'उद्या कोण बघणार' म्हणून कुणी जपलं नाही, काहींची तर आतली चांदी काढून घ्यायला फिल्म विकली गेली. त्यानंतर जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जे सांभाळलं होतं त्यातलंही बरंच गेलं. नायट्रेट पेट घेते, तिच्यापुढे माणसाचं फार चालत नाही. तुमचा १९८८चा सिनेमा सेफ्टी फिल्मवरचा, म्हणजे सहजी पेट न घेणाऱ्या फिल्मवरचा. ती नीट ठेवली तर माणसापेक्षा जास्त जगते. तुमच्या बाबतीत दोष आगीवर ढकलता येणार नाही.

कमी पैशातल्या भयपटांबद्दल नाक मुरडणाऱ्या वाचकांनाही एक सांगतो. आमच्याकडे रामसे बंधूंच्या सिनेमांना लोक हसले. पण रबराचा मुखवटा, हिरवा दिवा आणि धूर एवढ्यावर त्यांनी जे केलं, ते बघून निदान दोन पिढ्यांतली पोरं मेकअपच्या धंद्यात आली. मोठ्या सिनेमात हाताखालच्या माणसाला चूक करायची मुभा नसते, तिथे सगळं आधी ठरलेलं असतं. चिल्लर खर्चाच्या सिनेमात ती असते. ब्यूक्लरने २८ लाखांच्या सिनेमात जो जेसन उभा केला तसा पुढच्या वर्षी त्याच्या जवळपास दुप्पट पैशात आठव्या भागाला जमला नाही. तिथे तो ओल्या चिखलाचा गोळा दिसतो.

तर मागण्या.

पहिली, शोध घ्या. तुमच्या गोदामांत आणि तुमचं काम केलेल्या लॅबच्या साठ्यांत निगेटिव्हची कात्रणं, वर्कप्रिंट, ध्वनीचे रीळ, जे असेल ते धुंडाळा. एक सूचना: चित्रीकरण चालू असताना गुपित राहावं म्हणून हा सिनेमा 'बर्थडे बॅश' या खोट्या नावाने होत होता. डब्यांवर ते नाव असू शकतं. वाढदिवसाचा कुठला तरी फालतू विनोदी सिनेमा समजून कुणी ते डबे बाजूला सारले असतील तर आश्चर्य वाटायला नको.

दुसरी, तेव्हाच्या तंत्रज्ञांना आणि जे हयात नाहीत त्यांच्या घरच्यांना जाहीर आवाहन करा. ज्यांच्याकडे फिल्म किंवा कॅसेट असेल त्यांनी ती आणून द्यावी, त्यांच्यावर कसलीही कायदेशीर कारवाई होणार नाही, हे कंपनीच्या कागदावर लिहून द्या. हे लेखी आलं नाही तर कुणी तोंड उघडणार नाही. स्टुडिओच्या मालकीची वस्तू घरात असल्याचं कबूल करायला कोण पुढे येईल?

तिसरी, जे सापडेल ते उत्तम दर्जात स्कॅन करून मूळ जागी जोडा. १९८८ला लागलेली आवृत्तीही बरोबर ठेवा, ती लोकांच्या आठवणीतली आहे. जोडलेल्या जागी चित्र खराब असेल तर खराब दिसू द्या. आणि कृपा करून एआयकडून नवं रक्त, नवी कातडी बनवून भोकं बुजवू नका. आम्हाला माणसांनी केलेलं काम बघायचंय. ते उरलं नसेल तर तिथे काळा पडदा दाखवलेला चालेल.

चौथी, मेकअप आणि इफेक्ट्सच्या चमूतल्या प्रत्येकाचं नाव आणि त्याने नेमकं काय केलं ते नव्या आवृत्तीबरोबर छापा. शेवटच्या पाटीवर सरकत जाणाऱ्या बारीक अक्षरांत नको.

पाचवी, मालिकेतल्या बाकीच्या भागांच्या कात्रणांचीही यादी करा. मंडळाची कात्री कमी-अधिक सगळ्यांवरच चालली होती. सातव्याचं प्रकरण सर्वांत वाईट आहे म्हणून त्यावर एवढं लिहिलं.

मुदतही सुचवतो. १३ मे २०२८ला या सिनेमाला चाळीस वर्षं होतील. त्या दिवशी शनिवार आहे, म्हणजे तुमच्या जाहिरातवाल्यांच्या कामाचा नाही. पण त्याच वर्षी १३ ऑक्टोबर शुक्रवारी येतो. शोधाचा निष्कर्ष मे महिन्यात जाहीर करा आणि काही हाती लागलं तर ऑक्टोबरात लावा. इथे मुंबई-पुण्यात एखादा पडदा मिळाला तर तिकीट काढून येणारे पुष्कळ आहोत, आणि आमचं सेन्सॉर त्यातलं किती ठेवेल त्याचं आम्ही आमचं बघून घेऊ.

शोधून काहीच मिळालं नाही, सगळं खरंच नष्ट केलेलं आहे, असं उत्तर आलं तरी मी ते मान्य करीन. फक्त ते उत्तर 'उपलब्ध नाही' अशा दोन शब्दांत नको. कोणत्या साली, कोणत्या गोदामातून, किती डबे, कुणाच्या आदेशाने, एवढं त्यात असावं आणि खाली कुणाचीतरी सही असावी.

कळावे,

आपला,
एक रंगभूषाकार, डोंबिवली